गावात सरकारी फायबर आणण्याचा खर्च परवडतो का?

राजापूर तालुक्यातल्या एका सरपंच ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: भारतनेटवर, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेवर, सरकार १,३९,५७९ कोटी रुपये घालणार म्हणतात. आमच्या ग्रामपंचायतीत काही वर्षांपूर्वी फायबर आलं, कपाटात इंटरनेटचा डबा बसवला, थोडे दिवस चाललं आणि बंद पडलं. आता गावात मोबाईलला ४जी मिळतं, उपग्रहाचं इंटरनेटही येणार म्हणतात. मग पुन्हा रस्ते खणून एवढा पैसा ओतण्यात अर्थ आहे का? त्यापेक्षा दोन पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) आणि एक साकव (ओढ्यावरचा लहान पूल) झाला तर लोक दुवा देतील.

ताई, माझं उत्तर 'हो, बांधायलाच हवं' असं आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती मी शेवटपर्यंत सोडणार नाही: लाईन वर्षातले किती दिवस चालू राहिली यावर पैसे द्यायचे. किती किलोमीटर केबल पुरली यावर पैसे दिले की तुमच्या कपाटातल्या डब्यासारखी गत होते. माझी नोकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात केबल टाकण्यात आणि तुटलेली जोडण्यात गेली, आजही गावोगावच्या केबलवाल्या मुलांना हेच काम शिकवतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी साकवाचं बघू. भारतनेटचा पैसा साकवाला मिळू शकणाऱ्या खात्यातून येतच नाही. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम एका निधीत जमा होते. २००३ साली तार कायद्यात दुरुस्ती करून तो निधी उभा केला, आकारणी एप्रिल २००२ पासून लागू धरली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं. जिथे धंदा म्हणून कोणी जाणार नाही तिथे फोन आणि इंटरनेट पोचवणं, एवढ्यासाठीच तो आहे. म्हणजे तुमच्या गावातल्या प्रत्येक रिचार्जमधून थोडा थोडा पैसा इतकी वर्षं त्यात जातोच आहे. तो गावाकडे परत यायला हवा असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता रकमेचा अंदाज घेऊ. १,३९,५७९ कोटींना २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींनी भागलं तर एका पंचायतीमागे साधारण ५३ लाख येतात. यात बांधणी आली, दहा वर्षांची देखभाल आली आणि पंचायतीचं कार्यालय नसलेली, मागणी करतील ती गावंही आली. चारशे घरांची पंचायत धरली तर दहा वर्षांत घरामागे महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये पडतात. आकडा ऐकताना छाती दडपते, पण वाटून पाहिला की आवाक्यातला आहे. मात्र लाईन वर्षातले सहा महिने बंद राहिली तर वापराच्या हिशेबाने हाच खर्च दुप्पट होतो, आणि कायमची बंद पडली तर सगळा मातीत जातो. म्हणून मी चालू दिवसांवर एवढा अडून बसतो.

खासगी कंपनी हे काम आपणहून करेल का? आपल्याकडे नाही करणार. २००१ ते २०११ या काळात देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्यात आपली गावं एकाच गावठाणात बसलेली नाहीत. एक वाडी व्हाळाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी सड्यावर, आणि मधे आंबा-काजूच्या बागा. घाटावरच्या गावात एका चौकात खांब उभा केला की पन्नास घरं जोडता येतात. इथे पन्नास घरांसाठी तीन-चार किलोमीटर केबल ओढावी लागते आणि त्यातली बरीच घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. कंपनीच्या माणसाने हिशेब केला की तो बाजारपेठेत थांबतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी इथे खासगी फायबर धावत गेलं, वाडीत गेलं नाही. यात कंपनीला दोष देता येत नाही. पण घरी राहणाऱ्यांचं काय? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईत. गावात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. नेट नसल्याने रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून तिष्ठतात ती हीच माणसं.

मोबाईल पुरेसा आहे, हे मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकतो. यूपीआयने पैसे द्यायला किंवा व्हॉट्सॲप पाहायला फायबर लागत नाही, हे मान्य. पण तुमचा फोन हवेतून बोलतो तो फक्त टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढे सगळ्या गावाची वाहतूक एकतर फायबरवरून जाते किंवा टॉवरवरच्या गोल मायक्रोवेव्ह ताटलीतून पुढच्या टॉवरवर फेकली जाते. आपल्याकडच्या आतल्या गावांतले बरेच टॉवर ताटलीवर आहेत. तिची वहनक्षमता मर्यादित, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी असेल तर धो-धो पावसात तिचा सिग्नल पडतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो सगळा चार महिन्यांत कोसळतो. गणपतीत चाकरमानी आले की फोनवर चार काड्या दिसतात पण काहीच उघडत नाही, याचं कारण हेच: टॉवर आहे, त्याच्या मागचा रस्ता अरुंद आहे. ५जी आलं की ही गरज वाढते, कमी होत नाही. गावात सरकारी फायबर असेल तर कोणत्याही कंपनीला ते भाड्याने घेऊन टॉवर जोडता येतो. म्हणून 'मोबाईल की फायबर' ही निवड मुळात चुकीची आहे. चांगला मोबाईल हवा तरी फायबर लागतंच.

उपग्रहाबद्दल थोडक्यात. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून जुन्या उपग्रह-सेवेसारखा बोलताना अडखळा येत नाही. पण अँटेनाला मोकळं आभाळ लागतं. माडा-फणसांच्या सावलीतल्या घराला ते कुठून मिळणार, आणि मुसळधार पावसाचा त्रास इथेही आहेच. खाडीपलीकडच्या एकट्या घरासाठी, वादळानंतर तहसील कार्यालय चालवण्यासाठी उपग्रह उत्तम. सगळ्या गावाचा भार त्याच्यावर टाकू नये.

हा वाद आपल्याच देशात आहे असं नाही. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २००९ मध्ये सरकारी राष्ट्रीय जाळं जाहीर केलं: ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर, ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर आणि उरलेल्या दूरच्या वस्तीला बिनतारी व उपग्रह. २०१३ च्या निवडणुकीत सरकार बदललं. एवढा खर्च कशाला म्हणून ठरवलं की फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंत न्यायचं आणि तिथून घरापर्यंत जुनीच तांब्याची तार वापरायची. काम लवकर होईल, पैसे वाचतील असा हिशेब होता. तांबं जुनं झालेलं, तक्रारी वाढल्या, खर्चही आटोक्यात राहिला नाही. शेवटी २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने लाखो घरांना पुन्हा फायबर द्यायचं जाहीर केलं. उपग्रहाचा भाग मात्र त्यांनी जिथे शोभतो तिथेच ठेवला, दूरच्या वस्त्यांसाठी २०१५ आणि २०१६ मध्ये स्वतःचे दोन उपग्रह सोडले. यातून मला एवढंच कळतं की खणायचं एकदाच आणि खणलं की त्यात जुनं, तकलादू काही ठेवायचं नाही.

आपण नेमकी तीच चूक केली होती. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला, म्हणजे भारतनेटच्याच पहिल्या रूपाला, मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. दोन वर्षांत अडीच लाख पंचायती जोडायच्या होत्या. पहिल्या एक लाख पंचायती पुऱ्या व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. पैसे वाचवायचे म्हणून तालुक्यापासून जवळच्या गावापर्यंत बीएसएनएलची आधीची केबल वापरायची आणि फक्त पुढचा तुकडा नवा टाकायचा असं ठरलं. नवी काच (फायबर म्हणजे काचेची बारीक तारच) चांगली होती, पण तिच्या मागे दहा-पंधरा वर्षांची, जागोजागी जोड दिलेली केबल. त्यातही मांडणी सरळ रेषेची: तालुका, मग पहिलं गाव, मग दुसरं, मग तिसरं. पहिल्या गावाच्या अलीकडे कुदळ लागली की तिन्ही गावं बंद.

आणि कुदळ लागतेच. नियमाप्रमाणे केबलचा चर १.६५ मीटर खोल हवा, म्हणजे माणूस उभा राहिला तर जवळजवळ डोक्यापर्यंत. हा नियम मातीसाठी ठीक आहे. आपल्याकडे वर वीतभर माती आणि खाली जांभा, नाहीतर काळा कातळ. ब्रेकर लावून कातळ फोडायचा तर दिवसभरात फार थोडं अंतर निघतं आणि ठेकेदाराला मिळणारा दर सगळीकडे जवळपास सारखा. मग काय होतं ते मी खूप ठिकाणी पाहिलं आहे. रस्त्याच्या कडेच्या गटाराला लागून हातभर खोल चर मारतात, निळा किंवा काळा पाइप ठेवतात आणि वर माती ओढतात. कातळात कमी खोली चालते, पण तिथे लोखंडी पाइप घालून वर काँक्रीट करायला हवं. ते मोजमाप पुस्तकात असतं, चरात नसतं. पुढच्या मे महिन्यात गटार साफ करायला जेसीबी येतो आणि पाइप दातात धरून वर काढतो. त्यातून वाचलाच तर जलजीवन मिशनच्या नळपाणी योजनेचं खोदकाम असतं. आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्याने किती केबल तोडल्या याची गणती नाही.

तुटलेली लाईन जोडणं तसं अवघड नसतं. टोकाला ओटीडीआर लावायचा, तो प्रकाशाचा झोत सोडून सांगतो की तूट ३ किलोमीटर २०० मीटरवर आहे. तिथे गेलं की बहुतेक वेळा ताजी माती आणि जेसीबीच्या चाकोऱ्या दिसतातच. केबल सोलायची, आतल्या केसाएवढ्या काचा रंगाप्रमाणे लावायच्या, स्पिरिटने पुसायच्या, सरळ कापायच्या आणि स्प्लायसरमध्ये धरून वितळवून एक करायच्या. पावसात वर ताडपत्री धरावी लागते, कारण दमट हवेत काचेवर बाष्प बसलं की जोड खराब होतो. सराव असलेला मुलगा चोवीस काचांची केबल अर्ध्या दिवसात उभी करतो. पहिल्या टप्प्यात खोळंबा व्हायचा तो मुलाला पाठवणार कोण, या प्रश्नावर. बांधणाऱ्या ठेकेदाराचं बिल निघालेलं असायचं, पंचायत म्हणायची यंत्र आमचं नाही, तालुक्याच्या ठिकाणी माणसं कमी. मग एक तूट तशीच महिनोन्महिने पडून राहायची. दप्तरात मात्र ती पंचायत 'सेवेस सज्ज' अशीच दिसायची.

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये मला आकड्यापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, जो बांधेल त्यानेच पुढे दहा वर्षं चालवायचं आणि सांभाळायचं. दुसरी, सरळ रेषेऐवजी रिंग. प्रत्येक पंचायतीला दोन बाजूंनी रस्ता, एक तुटला तर वाहतूक आपोआप दुसऱ्या बाजूने. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात चढलं, फोन बंद पडले आणि बाहेरच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागला. अशा वेळी दुसरा रस्ता असणं म्हणजे काय ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

पण कोकणात रिंगचा एक धोका आहे आणि त्याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. आपली कितीतरी गावं एकाच रस्त्याच्या शेवटी आहेत. पुढे खाडी किंवा समुद्र. तिथे रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात, नाहीतर एकाच पुलावरून टाकल्या तर नकाशात रिंग दिसते, पण जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. खरी रिंग करायची तर खाडी ओलांडावी लागते. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. त्यांच्या कठड्याखाली केबलसाठी दोन पाइप बांधकामातच टाकून घेतले तर खर्च नगण्य. पूल पुरा झाल्यावर तीच परवानगी मागायला गेलं की वर्ष जातं. ही मागणी किनाऱ्यावरच्या पंचायतींनी आत्ताच लेखी करायला हवी.

खांबावरून केबल न्यावी का, असंही लोक विचारतात. केरळने के-फॉन हे सरकारी जाळं बहुतांश वीज मंडळाच्या खांबांवरूनच नेलं आणि जून २०२३ मध्ये सुरू केलं. खणण्यापेक्षा हे फार स्वस्त. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वर्षभरात तौक्ते आलं. शिवाय माकडं केबलवर झोके घेतात आणि वणवा लागला की खालून केबल वितळते. माझं मत असं की तालुका ते पंचायत ही मुख्य लाईन जमिनीतूनच, आणि पंचायत ते वाडी हा शेवटचा तुकडा खांबावरून. वाडीची केबल तुटली तर वीस घरं बंद पडतात आणि ती नव्याने ओढायला एक दिवस लागतो. मुख्य लाईनला तो धोका पत्करायचा नाही.

आता तुमच्या पंचायतीचं. आधी ते कपाट उघडून बघा. डब्यावरचा एकही दिवा लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे: अडॅप्टर जळला असेल, नाहीतर बॅटरी मेली असेल. गावात हे बऱ्याचदा होतं, दुरुस्तीही तिथल्या तिथे होते. पॉवरचा दिवा हिरवा आणि 'लॉस'चा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी केबल तुटली आहे किंवा जोड खराब झाला आहे. 'पॉन'चा दिवा हिरवा स्थिर असेल तर लाईन आजही जिवंत आहे, फक्त तिच्यावर कोणी सेवा सुरू केलेली नाही. या तिन्हींसाठी तक्रार वेगळी करावी लागते, आणि नुसतं 'नेट बंद आहे' असं लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. दिव्याचा फोटो काढून तारखेसकट जोडा.

डबा कपाटातून बाहेर काढून भिंतीवर, हवा लागेल असा आणि पुराची भीती असेल तर उंचावर बसवून घ्या. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत कपाटात कोंडलेल्या यंत्राची टोकं गंजतात. ग्रामपंचायत अधिकारी सुट्टीवर असले तरी किल्ली मिळेल अशी सोय हवी, कारण केबलवाला मुलगा रविवारीही येऊ शकतो.

सर्वांत मोठं काम म्हणजे गावातला किंवा शेजारच्या गावातला एक मुलगा-मुलगी यात उतरवणं. भारतनेटमध्ये स्थानिक उद्योजकाला घरोघर जोडण्या देऊन महसुलात वाटा घेता येतो. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरं जोडायचं उद्दिष्ट आहे, आणि ते अशाच लोकांच्या जोरावर. आधीपासून डिश-केबलचा धंदा करणारा कोणी असेल तर सर्वांत बरं. त्याला वाड्यांच्या वाटा ठाऊक असतात, कोणाच्या आवारातून केबल न्यायला कोण अडवेल हेही ठाऊक असतं. सुरुवातीला शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र, रेशन दुकान आणि आपले सरकार सेवा केंद्र या जोडण्या त्याला पंचायतीने मिळवून द्याव्यात, म्हणजे पहिल्या महिन्यापासून त्याला थोडं उत्पन्न असेल. मग घरगुती मुक्कामाची सोय करणारे, थेट आंबा विकणारे बागायतदार आणि मुंबईचं काम गावातून करू पाहणारी मुलं आपोआप येतात. वीस-पंचवीस पैसे भरणारी घरं झाली की लाईन बंद पडल्यावर ओरडणारी वीस-पंचवीस माणसं तयार होतात, आणि कंत्राटातल्या कुठल्याही दंडापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

ग्रामसभेत एक ठराव घ्या: पंचायतीच्या हद्दीत नळपाणी, गटार, रस्ता, कुठलंही खोदकाम असो, कार्यारंभ आदेशात फायबरवाल्याला दोन दिवस आधी कळवण्याची अट असेल आणि केबल तुटली तर जोडणीचा खर्च त्या ठेकेदाराच्या बिलातून जाईल. याच कामासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे. मोठे ठेकेदार ते वापरू शकतात, गावातला जेसीबीवाला वापरेल असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी केबलवाल्याचा फोन नंबर जेसीबीच्या काचेवर चिकटवलेला बरा.

नव्या चराचं काम तुमच्या हद्दीत येईल तेव्हा पाइप झाकण्यापूर्वी एकदा टेप घेऊन जा. सगळीकडे जायची गरज नाही. कातळ लागतो त्या दोन-तीन जागा आणि मोऱ्या, एवढंच पाहा. चर किती खोल आहे, कातळात लोखंडी पाइप आणि काँक्रीट आहे का, रिंगची दुसरी बाजू खरंच वेगळ्या रस्त्याने जाते का, हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. काम पावसाळ्यानंतर, दिवाळीपासून पुढे घ्यायला सांगा. मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने भरलेला चर पहिल्या पावसात उघडा पडतो.